कावसजीचं नाक
कसबा पेठेत कुंभारवेशीवरून जाताना मला कावसजी आठवतो. इंग्रजी फौजेतला हा मराठा गाडीवान १७९२च्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. टिपू आपल्याला कितीही प्रिय असो, हे लपवायचं कशाला?

पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या एका कुंभाराने मेणाचं माप कपाळावर ठेवून तेवढी कातडी सोडवली. भुवयांमध्ये ती जोडलेलीच ठेवली, त्यामुळे रक्त वाहत राहिलं. ती खाली वळवून नवं नाक बसवलं. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापली गेली; आजचे डॉक्टर तिला केस रिपोर्ट म्हणतील. १८१४ साली कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये त्याच पद्धतीने नाक जोडलं.

त्या हकिकतीत रुग्णाचं नाव आहे, पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची आहेत. नाक जोडणाऱ्याची फक्त जात नोंदली आहे.