कुलीन कांता
मुंबईतील बावला खून प्रकरणावर आधारलेला मूक चित्रपट (१९२५). द्वारकादास संपत यांच्या दादर येथील कोहिनूर फिल्म कंपनीने तो निर्माण केला. दिग्दर्शन होमी मास्तर यांचे, तर कथा मोहनलाल दवे यांची होती.

१२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिल येथे अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याचा खून करण्यात आला. इंदूर दरबार सोडून आलेली नर्तकी मुमताज बेगम त्याच्यासमवेत होती. तिला पळवून नेणे हा हल्ल्याचा हेतू होता. योगायोगाने तेथे आलेल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी काही हल्लेखोरांना पकडले. उच्च न्यायालयाने तिघांना देहान्ताची शिक्षा फर्माविली.

सामान्यतः रहस्यपटात (उदा., इटलीतील ‘जाल्लो’ चित्रपट) मारेकरी कोण, हे अखेरपर्यंत गुप्त राहते. या प्रकरणात मारेकरी सापडले. त्यांचा बोलविता धनी कोण, हा प्रश्न मात्र खटल्यात अनिर्णित राहिला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी चौकशीला सामोरे जाण्याऐवजी १९२६ मध्ये राजत्याग केला. त्यापूर्वीच कोहिनूरने हा विषय पडद्यावर आणला होता. पौराणिक कथांवर वाढलेल्या भारतीय चित्रपटाने संस्थानिकाशी निगडित अशी ताजी घटना हाती घेतली, यातच या चित्रपटाचे ऐतिहासिक महत्त्व आहे.