अटकेचा हुकूम आणि गृहस्थाचे हक्क : एक ऐतिहासिक समालोचन

आपल्या समाजात अब्रूला जितके जपले जाते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला जपले जात असेल. त्यामुळे दारी पोलीस शिपाई उभा राहिला आणि त्याच्या हाती न्यायालयाचा कागद दिसला, की पहिला विचार मनात येतो तो कागदात काय लिहिले आहे हा नव्हे, तर शेजाऱ्यांनी पाहिले काय, हा. घरात लग्नाची मुलगी असेल तर ही धास्ती दुणावते. मग कागद न वाचताच पेटीत जातो, वकिलाकडे जाणे लांबते, नेमलेली तारीख उलटते; आणि जे प्रकरण एका हजेरीने निभावले असते ते जप्तीपर्यंत जाते. या लेखाचा हेतू एवढाच की, वॉरंट या कागदाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा. तो इतिहास नीट पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते : हा कागद ज्याला पकडावयाचे त्याला जितका बांधतो, तितकाच पकडणाऱ्यालाही बांधतो.

महाराष्ट्रात राज्यसत्तेचे बोलावणे नवे नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत रोखा, मसाला आणि मोहसल हे शब्द ठायी ठायी आढळतात. सरकारातून एखाद्यास हजर होण्याविषयी रोखा सुटे; तो घेऊन येणाऱ्या हुजऱ्याचा वा प्याद्याचा खर्च ज्याच्यावर रोखा आला त्याच्याच माथी बसे; त्यास मसाला म्हणत. मोहसल तर घरी येऊन ठाणच मांडून बसे आणि काम उरकेपर्यंत त्याच्या शिध्याची तजवीज घरधन्यास करावी लागे. रामशास्त्री प्रभुण्यांसारखे निःस्पृह न्यायाधीश त्या काळी होऊन गेले हे आपले भूषणच होय. तथापि न्यायाधीश निःस्पृह असणे वेगळे, आणि दारी आलेल्या प्याद्याचे अधिकार लेखी नियमांनी मर्यादित असणे वेगळे. बोलावणाऱ्याचा खर्च बोलावलेल्याने सोसावा, हा रिवाज त्या काळी कोणास विपरीत वाटला नसावा.

पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्यासाठी १८२७ मध्ये एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत कायद्यांचा संग्रह झाला. पुढे १८६० मध्ये भारतीय दंडसंहिता आणि १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रियेची पहिली संहिता मंजूर झाली. १८७२, १८८२ आणि १८९८ या साली ती नव्याने रचली गेली. यांपैकी १८९८ चा कायदा पाऊणशे वर्षे टिकला. आपल्या आजोबा-पणजोबांनी जी फौजदारी कचेरी पाहिली, ती या कायद्याची.

त्या संहितेने वॉरंटला निश्चित रूप दिले. वॉरंट लेखी हवे. त्यावर न्यायाधिकाऱ्याची सही आणि न्यायालयाची मोहर हवी. बजावणाऱ्याने त्याचा आशय सांगावा आणि मागितल्यास ते दाखवावे. पकडलेल्या इसमास विनाविलंब न्यायालयापुढे न्यावे. विनावॉरंट पकडलेल्यास, प्रवासाचा वेळ वगळता, चोवीस तासांहून अधिक काळ पोलिसांनी स्वतःच्या ताब्यात ठेवू नये, असेही ६१ व्या कलमात होते. परकीय सत्तेने हे सारे प्रजेच्या प्रेमापोटी केले असे मानण्याचे कारण नाही. मुंबईपासून दूरच्या तालुक्यापर्यंत आपलेच हाताखालचे लोक लगामात ठेवणे तिलाही आवश्यक होते. पण नियम एकदा कागदावर आला म्हणजे तो ज्याने लिहिला त्याच्याही विरुद्ध उभा राहू शकतो.

मात्र नियम छापले म्हणजे न्याय पदरात पडतोच असे नव्हे, हे महाराष्ट्राने लोकमान्य टिळकांच्या दोन खटल्यांत पाहिले. २७ जुलै १८९७ रोजी राजद्रोहाच्या आरोपावरून लोकमान्यांना मुंबईत अटक झाली. दंडाधिकाऱ्याने जामीन नाकारला. अखेरीस ४ ऑगस्ट रोजी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. त्या अर्जावर लोकमान्यांची बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षे लोटली. २४ जून १९०८ रोजी लोकमान्यांना पुन्हा त्याच आरोपावरून पकडण्यात आले. या वेळी जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले आणि न्यायासनावर होते तेच दावर, आता न्यायमूर्ती झालेले. त्यांनी जामीन नाकारला. २२ जुलै रोजी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली आणि लोकमान्यांची रवानगी मंडालेस झाली. आरोप तोच, आरोपी तोच, आणि जामिनाचा निर्णय मात्र उलटा. अटकेनंतरचे स्वातंत्र्य केवळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही, हा धडा त्या पिढीने मनात धरला.

तो धडा राज्यघटनेत उतरला. घटना समितीपुढील मसुद्यात व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून योग्य न्यायप्रक्रियेची हमी गळली होती, आणि अनेक सभासदांना त्याचे असमाधान होते. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी एक नवे कलम मांडले. तेच आज २२ वे कलम म्हणून ओळखले जाते. अटक केलेल्यास कारणे शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याचा हक्क नाकारता येणार नाही. आणि चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की, ही तत्त्वे फौजदारी संहितेत आधीच आहेत हे खरे. परंतु घटनेत घातल्याने ती कायदेमंडळालाही सहजी पुसता येणार नाहीत. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद याच कलमात राहिला आणि त्यावर तेव्हाही टीका झाली, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

दुसरा प्रश्न वॉरंट काढणाऱ्या हाताचा. ब्रिटिश अमदानीत जिल्हाधिकारी हाच जिल्हा दंडाधिकारी असे. कारभार पाहणारा आणि न्याय करणारा एकच. मुंबई राज्याने १९५१ मध्ये कायदा करून न्यायदान आणि कारभार यांची फारकत केली. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने ती देशभर नेली. याच संहितेने अटक होण्यापूर्वी जामीन मागण्याची, म्हणजे अटकपूर्व जामिनाची, स्पष्ट तरतूद प्रथमच केली.

त्यानंतरची पावले सर्वोच्च न्यायालयाने टाकली. १९८३ मध्ये मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या हालांविषयीच्या प्रकरणात न्यायालयाने, त्यांना स्वतंत्र कोठडीत ठेवून तेथे महिला शिपाई नेमाव्यात, असा आदेश दिला. १९९४ मध्ये जोगिंदर कुमार या तरुण वकिलाच्या प्रकरणात न्यायालयाने बजावले की, अटकेचा अधिकार असणे ही एक गोष्ट आणि अटक समर्थनीय असणे ही दुसरी. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू प्रकरणात अकरा निर्देश दिले गेले. अटकेची नोंद जागच्या जागी करावी, तीवर कुटुंबातील वा वस्तीतील प्रतिष्ठित इसमाची साक्ष घ्यावी, आप्तास कळवावे, हे त्यांतील प्रमुख. नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, अटकेची कारणे सर्व गुन्ह्यांत लेखी आणि अटक झालेल्यास समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असाही निर्णय झाला. मराठी माणसाला त्याची कारणे मराठीत कळावीत, ही साधी गोष्ट. पण तिच्यापर्यंत पोचावयास एवढा काळ लागला.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कलमांचे अनुक्रम बदलले. गाभा बराचसा तोच राहिला. तिच्या आधारे नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांचा येथे विचार करू.

समन्स आणि वॉरंट एकच काय? नव्हे. समन्स म्हणजे हजर राहण्याचे बोलावणे; वॉरंट म्हणजे हजर करण्याचा हुकूम. जामीनपात्र वॉरंटावर किती रकमेचा जामीन आणि किती जामीनदार हवेत हे लिहिलेले असते. तो दिला म्हणजे शिपायाने त्या इसमास सोडलेच पाहिजे. अजामीनपात्र वॉरंटात मात्र त्याला न्यायालयापुढे नेले जाते. जामीन द्यावा की नाही हे न्यायालय ठरविते. सामान्यतः प्रथम समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि त्यानेही न भागल्यास अजामीनपात्र वॉरंट, हा क्रम पाळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे. म्हणून पहिल्याच कागदाला मान देणारा सहसा तिसऱ्या कागदापर्यंत जात नाही.

वॉरंट निघाले म्हणजे गुन्हा शाबीत झाला काय? मुळीच नाही. समन्स मिळूनही गैरहजर राहणाऱ्या साक्षीदारावरही वॉरंट निघू शकते. बिऱ्हाड बदलले, जुन्या पत्त्यावरचा कागद पोचला नाही, आणि न वटलेल्या धनादेशाच्या खटल्यात वॉरंट निघाले, असे व्यापारी कुटुंबांत घडू शकते.

काही काळाने वॉरंट आपोआप बाद होते काय? होत नाही. ते बजावले जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करेपर्यंत जिवंत राहते आणि भारतात कोठेही बजावता येते. गाव सोडून मुंबई-पुण्यास नातलगांकडे राहणे हा त्यावरील उपाय नव्हे. फरार समजून न्यायालय जाहीरनामा काढू शकते आणि मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. वकिलामार्फत हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज करणे, हाच राजमार्ग.

स्त्रिया व वृद्ध यांचे काय? मुंबई उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्त्रियांच्या रात्रीच्या अटकेवर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ते काहीसे सैल केले, आणि २००५ च्या दुरुस्तीने संहितेतच तरतूद आली. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करावयाची नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतली पाहिजे. नव्या संहितेनुसार साठीच्या वरील किंवा दुर्बल इसमास, तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक दर्जाच्या वा त्यावरील अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून पकडता येत नाही. आणखी एक बदल लहान दिसतो, पण घराच्या दृष्टीने मोठा आहे. समन्स ज्याच्या नावे आहे तो घरी न सापडल्यास पूर्वी ते कुटुंबातील सज्ञान पुरुषाकडेच देता येई. आता ‘पुरुष’ हा शब्द गेला आहे. घरातील सज्ञान स्त्रीकडे दिलेले समन्सही बजावलेलेच ठरते. तेव्हा आपल्या माताभगिनींना हे कागद वाचता व ओळखता येणे ही आता केवळ हौसेची बाब उरलेली नाही.

शेवटी एका नव्या संकटाविषयी. दूरध्वनीवर पोलिसी गणवेशातील चेहरा दाखवावयाचा, खोटे वॉरंट दाखवावयाचे, ‘डिजिटल अटक’ झाली असे सांगून वृद्धांना खोलीत कोंडून बसवावयाचे आणि प्रकरण मिटविण्यासाठी पैसे उकळावयाचे, असे प्रकार देशभर घडले आहेत. समन्स आता विद्युत माध्यमातूनही येऊ शकते, हे खरे. परंतु ‘डिजिटल अटक’ नावाची वस्तू कायद्यात नाही. अटक करणारा प्रत्यक्ष समोर उभा असावा लागतो आणि त्याच्या गणवेशावर वाचता येईल असे नाव असावे लागते. पेशवाईतला मसाला केव्हाच इतिहासजमा झाला आहे. जामिनाची रक्कम भरावयाची असेल तर ती न्यायालयाच्या हुकुमाने आणि पावती घेऊन भरावयाची असते. वॉरंट घरबसल्या मागे घेण्यासाठी जो पैसे मागतो तो लुबाडणारा होय.

यावरून आपले कर्तव्य काय ठरते? कागद आला तर तो वाचावा. न्यायालयाचे नाव, खटल्याचा क्रमांक, तारीख, सही व मोहर पाहावी आणि त्याच दिवशी जाणत्यास दाखवावा. वकिलाची ऐपत नसल्यास १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्याचा हक्क दिला आहे. आणि आपण शेजारी, सोयरे, ज्ञातिबंधू म्हणून एवढे करू शकतो, की ज्याच्या दारी असा कागद आला त्याच्याशी बोलणे बंद करू नये. अटकेच्या नोंदीवर वस्तीतील एका प्रतिष्ठित इसमाची सही कायद्याला चालते. त्या वेळी दार लावून आत बसणारा शेजारी कोणाच्या कामाचा? पुढे होऊन, कागद वाचून, साक्षीला उभा राहणारा शेजारी ज्या आळीत आहे, त्या आळीतील कुटुंबांची अब्रू अधिक सुरक्षित आहे.