दलदलीच्या नावांत दडलेला शेतीचा इतिहास



चिबड रान म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण पाणथळ जमिनीला लोकांनी दिलेल्या नावांत बराच इतिहास आहे. युरोपातल्या अशा शब्दांबद्दल वाचलं, ते थोडक्यात मांडतो.

लॅटिनमध्ये दलदल म्हणजे 'पालुस'. संस्कृतात डबक्याला 'पल्वल' म्हणतात. बरेच अभ्यासक दोन्ही शब्द एकाच कुळातले मानतात. इटलीत 'पालुस'चं 'पालूदे' झालं. रोमानियात अक्षरं उलटसुलट होऊन 'पदुरे' झालं आणि अर्थच बदलला: जंगल! पाणथळ जागी माजलेल्या झाडीवरून हे झालं.

फ्रेंच 'पालुदिझ्म' आणि स्पॅनिश 'पालुदिस्मो' म्हणजे हिवताप, शब्दशः दलदलीचा आजार. 'मलेरिया' हा शब्दही इटालियन, अर्थ 'खराब हवा'. ताप दलदलीजवळ येतो, हे लोकांचं निरीक्षण बरोबर होतं, कारण मात्र दुसरंच निघालं. 1897 साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला.

फ्रेंचमधला 'मारे' हा शब्द लॅटिनचा नाही. तो जर्मानिक फ्रँक लोकांच्या बोलीतून आला, म्हणजे इंग्रजी 'मार्श'चा सख्खा भाऊ. पॅरिसमध्ये 'मारे' नावाचा भागच आहे. आणि भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्याला फ्रेंचमध्ये 'मारेशे' म्हणतात, कारण पाणी काढलेल्या दलदलीत भाजी जोमात यायची. बदनाम रानावरून बागायतदाराचं नाव पडलं!

इंग्लंडच्या पूर्वेकडची दलदल म्हणजे 'फेन'. 17व्या शतकात डच अभियंता व्हर्मायडन याने चर खोदून तिथलं पाणी काढलं. जमीन सोन्यासारखी निघाली, पण ती होती कुजलेल्या वनस्पतींची, म्हणजे पीट. पाणी गेल्यावर ती सुकली, आकसली, हवा लागून झिजत गेली. होम फेन इथं 1850च्या सुमारास जमिनीत पुरलेल्या खांबाचं टोक जमिनीलगत होतं. आज ते सुमारे 4 मीटर वर आहे. खांब तिथंच आहे, रान खाली गेलं.

आपली काळी माती पीट नव्हे, ती अशी खचणार नाही. चिबड रानाला निचरा हवाच. पण चर काढण्याआधी माती कोणती, पाणी कुठून येतं आणि काढलेलं पाणी कुणाच्या रानात जाणार, हे बघितलंच पाहिजे.

तुमच्याकडं पाणथळ रानाला काय म्हणतात? चिबड, खाजण, की आणखी काही? नक्की सांगा.