सीएचओ मॅडमची कुळकथा

कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं, जिल्ह्याच्या शिवेवरचं गाव. अशा मैदानी टापूत पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, हा सरकारी निकष. उपकेंद्रातली नर्सबाई म्हणजे लस टोचणारी, गरोदर बायांची नोंद ठेवणारी. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेनंतर शेजारी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची खुर्ची आली. सीएचओ बीपी मोजतात, शुगर तपासतात, ठरलेल्या यादीतली औषधं देतात, अडलं तर ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवर डॉक्टरला विचारतात. ही अमेरिकेतल्या नर्स प्रॅक्टिशनरची, म्हणजे तपासून औषध ठरवणाऱ्या नर्सची, देशी नक्कल, असं म्हणणं सोपं आहे. पण पुरावा वेगळीकडे बोट दाखवतो. अमेरिकेत लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात हे शिक्षण सुरू केलं, ते डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागातल्या मुलांसाठी. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ मध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणला, तो मात्र अतिदक्षता विभागासाठी! खेड्याच्या नडीतून जन्मलेलं काम आपल्याकडे मोठ्या इस्पितळाच्या दारातून आत आलं.

उपकेंद्रातल्या खुर्चीचं कूळ जामखेड-गडचिरोलीत सापडतं. १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेड परिसरात गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायांना शिकवून आरोग्याचं काम सोपवलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने त्यापुढची अवघड पायरी चढली. आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करी, ताप पाही, श्वास मोजी. जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणं दिसली आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः देई. ३९ गावांतल्या या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

आरोग्यदूत कुठे नर्स होती, असं कुणी म्हणेल. नव्हती, म्हणूनच हा पुरावा मोलाचा. नर्सच्या हातात सुई कायमच होती, ती कधी टोचायची हे ठरवण्याचा हक्क नव्हता. तो हक्क नियमांच्या चौकटीत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला तर जीव वाचतात, हे गडचिरोलीने आधी दाखवलं. ‘गरिबांना अर्धे डॉक्टर का?’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीनेही १९४६ साली पूर्ण शिकलेल्या एकाच दर्जाच्या डॉक्टरचा आग्रह धरला. पण तो डॉक्टर खेड्यात टिकेना, आणि ती जागा बोगस डॉक्टरांनी बळकावली. औषधांचा साठा नि देखरेख आटली तर सीएचओची खुर्चीही शोभेचीच, हे मान्य. पण तो दोष व्यवस्थेचा. अशा हक्काची चौकट तर कायद्यातही आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये सामुदायिक आरोग्यसेवकाला मर्यादित परवान्याची तरतूद आहे: प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेपुरती ठरावीक औषधं स्वतंत्रपणे, बाकी सगळं देखरेखीखाली.