नेम काढून घेतलेली बंदूक

जुन्या, मोठ्या तोंडाच्या बंदुकीच्या नळीत बोटाचं टोक घालून पाहावं. एक तर आत पिळाच्या खाचा लागतात, नाहीतर नळी काचेसारखी गुळगुळीत लागते. खाचा असल्या तर ती रायफल. 'रायफल' हा शब्दच मुळी खाचा पाडणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. गोळी त्या खाचांतून पीळ घेत बाहेर पडते, भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरते आणि भोवरा जसा फिरतोय तोवर कलंडत नाही, तशी तीही वाट सोडत नाही. गुळगुळीत नळीत गोल गोळी जरा सैलच बसते. बार उडाला की ती या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत पुढं जाते आणि तोंडाशी शेवटचा धक्का जिकडून बसेल त्यावर तिची दिशा ठरते.

स्वस्त एकबारी बंदुकीचा नेम लागत नाही, ऐन वेळी ती दगा देते, ही तक्रार जुनी आहे. पैसे वाचवले की तेवढं होणारच, असं आपण समजतो. पण हिंदुस्थानात एकबारी बंदुकांचं एक कूळ असं वाढलं की त्यांचा नेम कुणा कारागिराच्या हातून बिघडला नव्हता, तो ठरवून काढून घेतलेला होता.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे १८५३ ची एनफील्ड. ३९ इंचांची नळी, आत तीन खाचा, नळीचा व्यास .५७७ इंच. नेम धरायच्या मागच्या शिडीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. त्याआधीच्या गुळगुळीत नळीच्या ब्राउन बेसने शंभर यार्डांपलीकडच्या माणसावर नेम धरणं म्हणजे नशिबाची परीक्षा. कागदी काडतूस दातांनी फोडायचं, दारू ओतायची, गोळी ठासायची. भरण्याची ही कवायत दोन्हींची सारखीच होती. फरक होता तो खाचांचा आणि त्यांत घट्ट बसणाऱ्या गोळीला लावलेल्या वंगणाचा. त्या वंगणावरून १८५७ मध्ये काय पेटलं ते शाळेत सगळेच शिकतात. शाळेत न शिकवलेली गोष्ट वेगळी आहे. दमदम, अंबाला आणि सियालकोट इथं एनफील्डचं शिक्षण सुरू झालं होतं, पण शिपायांनी काडतूस नाकारलं आणि त्यांतले बहुतेक जण जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका घेऊनच लढले. समोरच्या गोऱ्या पलटणींच्या हाती एनफील्ड होती. शिपायांची गोळी जिथं पोचत नव्हती, तिथून गोऱ्यांची गोळी येत होती.

हा धडा राज्यकर्ते विसरले नाहीत. उठाव शमला आणि १८५८ च्या नमुन्याची मस्केट निघाली. बाहेरून पाहिलं तर तीच एनफील्ड: तोच दस्ता, तोच घोडा, तोच चाप. नळी मात्र आतून कोरून .६५६ इंच केलेली, खाचा पार खरवडून काढलेल्या. मागची शिडी उचकटून तिच्या जागी नेमाची एकच न हलणारी खाच बसवलेली. कितीही दूरचं लक्ष्य असो, नेम धरायचा तो त्या एका खाचेतून. ही बंदूक देशी पलटणींना मिळाली. खाचा पाडणं हे बंदूक घडवण्यातलं सगळ्यांत नाजूक काम. ते एकदा चोख करून झालेलं असताना पुन्हा यंत्रावर चढवून पुसून टाकणं, यासारखं त्याआधीचं दुसरं उदाहरण मला शस्त्रांच्या इतिहासात आठवत नाही.

त्यात एक नवं दुखणं निघालं. आतून कोरल्यामुळं नळीचा पत्रा पातळ झाला. संगीन लावून कवायत करताना किंवा गर्दी मागं रेटताना नळ्या फुगू लागल्या, वाकू लागल्या. म्हणून १८५९ चा नमुना जाड नळीचा काढावा लागला. बंदूक मजबूत झाली. खाचा परत आल्या नाहीत.

पुढं नियमच पडून गेला की देशी शिपायाचं हत्यार गोऱ्या शिपायाच्या एक पिढी मागं असावं. १८६६ मध्ये मागून भरायची स्नायडर आली. ती देशी पलटणींकडं पोचली तोवर गोऱ्यांच्या हाती १८७१ ची मार्टिनी-हेन्री होती. मार्टिनी देशी हातांत आली तेव्हा गोऱ्यांनी आठ-दहा गोळ्यांची पेटी असलेली ली-मेटफर्ड घेतली होती. मार्टिनीही एकबारीच. तिच्यात सात खाचा, नेम उत्तम. पण तिचं काडतूस पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनवलेलं. नळी तापली, आत काजळी बसली की ती गुंडाळी चिकटून बसायची आणि बाहेर ओढताना बूड तुटून हातात यायचं. १८८५ मध्ये सुदानात अबू क्लेआच्या लढाईत मार्टिनी अशा ऐन वेळी अडकल्या. त्यानंतर सलग ओढीव पितळेची काडतुसं आली. १९१४ मध्ये हिंदी सैन्य फ्रान्सच्या लढाईसाठी मार्सेयला उतरलं, तेव्हा आधी त्यांच्या हातातल्या रायफली बदलून नव्या द्याव्या लागल्या. जवळजवळ साठ वर्षं एक पिढी मागं ठेवलेल्या माणसांना जर्मनांपुढं उभं करायचं, तर दुसरा इलाज नव्हता.

सैन्याचं हत्यार बदललं, पण पोलिसांच्या बंदुकीत जुनाच विचार टिकून राहिला. इजिप्तच्या पोलिसांसाठी बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कंपनीनं मार्टिनीच्या धाटणीची एकबारी बंदूक केली. चोरलेल्या बंदुकीत लोक बाजारातलं काडतूस कागद गुंडाळून घालू लागले, तेव्हा कंपनीनं काडतुसाचा आकारच निराळा केला आणि आतल्या खिळ्याला तीन टोकं काढली. साधं काडतूस घातलं तर ठिणगीच पडायची नाही.

आपल्याकडं बंगालातल्या इशापूरच्या कारखान्यानं वेगळी वाट धरली. दहा गोळ्यांची .३०३ ली-एनफील्ड घ्यायची, नळी कोरून .४१० इंच गुळगुळीत करायची, आणि खालची गोळ्यांची पेटी काढून त्या पोकळीत लाकडाचा ठोकळा बसवायचा. काडतूसही .३०३ चंच, फक्त त्याची मान आवळायची नाही, नळकांडं सरळ ठेवायचं. ही मस्केट हातात घेऊन बोल्ट मागं ओढला की पोलादामध्ये तो लाकडाचा तुकडा दिसतो. त्यावर बोटांनी एक काडतूस ठेवायचं, बोल्ट पुढं सारायचा, एक बार काढायचा, पुन्हा ओढायचा. दगडफेक चालू असताना हे करायचं. हेतू दोन होते: गर्दीवर झाडलेली गोळी लांब जाऊ नये आणि बंदूक हिसकावली गेली तर तिचा फार उपयोग होऊ नये. पहिला हेतू मला पटतो. दुसऱ्यात १८५८ ची भीती तशीच्या तशी दिसते. पहारेकऱ्यावरच विश्वास नसलेल्या माणसानं त्याच्या हाती दिलेलं ते हत्यार आहे. आणि स्वातंत्र्यानंतरही ते बनत राहिलं, वापरलं जात राहिलं.

सामान्य माणसाच्या वाट्याला तर तेवढंही आलं नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं. युरोपीय लोकांना त्यातून सूट होती. १८८७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसनं हा कायदा बदलावा असा ठराव केला. कोकणातल्या शेतकऱ्याच्या हाती उरली ती ठासणीची बंदूक, डुकरं आणि माकडं हाकण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. पावसाळ्यात दारू सर्द होते आणि बार फुसका जातो, हे तिच्या मालकाला पाठ असतं. आजही निवडणुकीची आचारसंहिता लागली की त्याला ती अनेकदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि तेवढे दिवस शेत डुकरांवर सोडावं लागतं.

वाचकांना एक विनंती आहे. जवळच्या संग्रहालयात एनफील्डसारखी दिसणारी बंदूक असली, तर पाटीवर जे लिहिलंय तेवढ्यावर थांबू नका. मागच्या बाजूला शिडी आहे की नुसती एक खाच, ते पाहा. परवानगी मिळाली तर नळीच्या तोंडात बॅटरी मारा. आत गुळगुळीत दिसली, तर पाटीवर तसं लिहायला तिथल्या लोकांना सांगा.