‘आमेन’चे इमान

ख्रिस्ती उपासनेत पुरोहिताची प्रार्थना संपताच सारी मंडळी एकमुखाने ‘आमेन’ म्हणते. या शब्दाचा अर्थ बहुधा ‘तथास्तु’ असा दिला जातो. परंतु तथास्तु म्हणतो तो वर देणारा, आणि आमेन म्हणतात ते मागणारे. शब्द हिब्रू असून त्याच्या ‘अ-म-न’ या धातूत पक्केपणाचा भाव आहे. बायबलातील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात खुंटी ठोकण्याची भक्कम जागा याच धातूने सांगितली आहे. त्याच धातूच्या अरबी शाखेतून ‘इमान’ आणि ‘अमानत’ हे शब्द मराठीत आले, म्हणजे आमेन हा इमानाचा भाऊबंदच ठरतो.

‘ओम’पासून आमेन झाला, असे भारतात आवडीने सांगितले जाते, पण या मताला नकारच आडवा येतो: अ-उ-म मध्ये ‘न’ नाही, आणि धातूतला ‘न’ गाळला तर इमानही उरत नाही. इजिप्तच्या आमुन देवाचे नाव कानाला अधिक जवळचे वाटते, मात्र त्याचा अर्थ ‘गुप्त’ असा लावतात, आणि गुप्ततेचा त्या खुंटीशी काही संबंध जुळत नाही.

बायबलातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात लेवी, म्हणजे उपासनेची सेवा करणारे कुळ, एकेक शाप उच्चारतात आणि 12 वेळा सगळे लोक आमेन म्हणतात. आज्ञा मोडली तर शाप आपल्यावरच यावा, अशी ती सामुदायिक सही होती. मंडळीतला आपलेपणा या जोखमीतून उपजला असावा. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे ‘असे होवो’ असे शब्द घातले आणि कराराची इच्छा झाली. सुमारे 155 साली रोमन सम्राटाला ख्रिस्ती उपासना समजावून सांगताना ख्रिस्ती लेखक जस्टिननेही तोच अर्थ दिला.

अलेक्झांड्रियाचे ज्यू सभास्थान इतके विस्तीर्ण होते की, तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या कथनानुसार, सेवक मधल्या लाकडी मंचावरून फडके हलवी आणि ते पाहून लोक आमेन म्हणत. ऐकू न आलेल्या प्रार्थनेवर दिलेली ही सही ख्रिस्ती प्रेषित पौलाला मात्र पटली नसती, कारण ज्याला प्रार्थना कळलीच नाही त्याने आमेन कसे म्हणावे, असे त्याने करिंथकरांना विचारले होते. सम्राट जस्टिनियनने 565 साली प्रार्थना मोठ्याने म्हणण्याचा हुकूम धर्माधिकाऱ्यांना दिला, तोही लोकांना ती ऐकू यावी म्हणूनच.

मराठी बायबलात या शब्दाच्या दोन वाटा झाल्या आहेत: येशू बोलण्याच्या आरंभी जो आमेन उच्चारतो तो ‘खचीत’ झाला, आणि प्रार्थनेच्या शेवटी लोक म्हणतात तो आमेनच राहिला.