राहून गेलेलीं मुलें

एखाद्या मुलाला गोवर झाला, आणि त्याला गोवराची लस टोचलेली नव्हती असें कळलें, कीं ऐकणाराच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो "आईबाप अडाणी!" हा. निवाडा सोपा आहे; तो देणाऱ्याला पुढें कांहींच करावें लागत नाहीं. परंतु श्रोतेहो, जुन्या मुंबई इलाख्यांत लस टोचण्यास आरंभ झाल्याला सव्वादोनशें वर्षें होत आलीं. त्या इतिहासाची उजळणी केली असतां हा निवाडा कितपत टिकतो, तें आज पाहूं.

डॉ. एडवर्ड जेन्नर यांनीं १७९६ सालीं इंग्लंडांत गाईच्या देवीची लस एका आठ वर्षांच्या मुलाला टोचली. ती लस पुढें व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशा मुक्कामांनीं मुंबईस पोंचली, आणि १४ जून १८०२ रोजीं अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या अंगीं लागली. हिंदुस्थानांत यशस्वी रीतीनें देवी काढलेलें तें पहिलें मूल. लस हा शब्दच मुळीं फोडांतून झिरपणाऱ्या द्रवाचा वाचक आहे. त्या काळीं बर्फाच्या पेट्या नव्हत्या. लस जिवंत राही ती मुलाच्या दंडावर. एका मुलाच्या फोडांतून आठव्या दिवशीं ती काढावयाची व दुसऱ्याला टोचावयाची. १८०३ सालीं स्पेनच्या राजानें ती अमेरिकेस पाठविली, तेव्हां बावीस अनाथ मुलगे जहाजावर चढविले होते, तें याच कारणासाठीं.

आतां आईच्या बाजूनें विचार करा. मूल तापानें किरकिरत आहे, दंड सुजलेला आहे. अशा वेळीं देवी काढणारा पुन्हां दारीं येऊन तोच फोड फोडूं पाहतो. आपल्या मुलाला टोचलेली लस कोणाच्या अंगांतली, हेंही तिला माहीत नसे. एकाच्या अंगांतील दुसरा रोग या वाटेनें पसरेल, ही भीति डॉक्टरांनाही होती. पुढें वासराच्या अंगावरील लस प्रचारांत आली, तिचें हें एक मोठें कारण होय. देवीचा कोप होईल ही समजूत लोकांत होती, हें खरें. पण मुलें लपविणाऱ्या आया केवळ त्या समजुतीनेंच लपवीत, असें म्हणणें अन्यायाचें होईल.

दुसरें कारण सक्तीचें. मुंबई शहरांत १८७७ च्या कायद्यानें मुलांच्या देवी काढणें सक्तीचें झालें. जिल्ह्यांसाठीं १८९२ सालीं निराळा कायदा आला. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. डॉ. हाफकिन यांनीं प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. याहून चांगली हमी ती कोणती? पण त्याच वर्षीं पुण्यांत गोरे सोजीर घरांत शिरून झडत्या घेत होते, आणि जून महिन्यांत रँडवर गोळी झाडली गेली. लस आणि झडती एकाच सरकारच्या हातून येत असल्यामुळें लोकांनीं दोहोंत भेद केला नाहीं. त्यांतच १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एका बाटलींतील लस दूषित होऊन १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. हाफकिन निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडलें; बातमी मात्र केव्हांच सगळीकडे जाऊन पोंचली होती.

तरीही देवीचा रोग नाहींसा झाला. तो कशानें? केंद्रावर वाट पाहत बसण्यानें नव्हे. १९७३ पासून आरोग्यखात्याचे लोक घरोघर रोगी शोधूं लागले, आणि जेथें रोगी सांपडेल तेथें भोंवतालच्या सर्वांना टोचूं लागले. मे १९७५ नंतर भारतांत देवीचा रोगी सांपडला नाहीं. दोन वर्षांत लोकांचा अडाणीपणा गेला असें कोण म्हणेल? लस त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेली, एवढेंच झालें. पोलिओचीही हीच कथा. १९९५ पासून घरें, स्थानकें, वीटभट्ट्या धुंडाळून मुलांना थेंब पाजले गेले, आणि नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी देशांत २०११ सालीं सांपडला.

इतर लशींचा सार्वत्रिक कार्यक्रम १९८५ पासून चालूं आहे आणि सरकारी केंद्रांत त्या फुकट मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें १२ ते २३ महिने वयाच्या दर १०० मुलांपैकीं मुख्य लशी पूर्ण झालेलीं मुलें २०१५-१६ सालीं ६२ होतीं. २०१९-२१ च्या पाहणींत तीं ७६ झालीं. प्रगति लहान नव्हे. पण उरलेलीं २४ कोण?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याकडे पाहा. येथें गांव म्हणजे डोंगराच्या उतरणीवर आणि खाडीच्या कांठीं विखुरलेल्या वाड्या. लस २ ते ८ अंश उष्णतेंत जपावी लागते. म्हणून परिचारिका बर्फाची पेटी घेऊन ठरलेल्या दिवशींच येते. तो दिवस लावणीचा असला, तर आई चिखलांत उभी असते. रोजावर जाणाऱ्या बाईचा एक दिवस टोचण्यांत मोडतो. रात्रीं मुलाला ताप भरला तर दुसराही मोडतो. हा ताप येतो व जातो, एवढें तिला आधीं कोणीं सांगितलें नसेल, तर ती पुढच्या खेपेस येत नाहीं. पहिलें बाळंतपण माहेरचें. जन्माची लस तेथें होते. सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लशींच्या वेळीं मूल मुंबईंत चाकरमान्याच्या खोलींत असतें, आणि नवव्या महिन्यांत गोवराची लस देण्याच्या वेळीं शिमग्याला गांवीं आलेलें असतें. कार्ड एका घरीं, मूल दुसऱ्या घरीं! चिऱ्याच्या खाणींवर कर्नाटकांतून आलेलीं कुटुंबें, आंबाबागांतील नेपाळी राखणदार, यांचीं मुलें तर कोणत्याच गांवचीं नव्हत. २०२२ सालीं मुंबईंत गोवंडीच्या दाट वस्तींत गोवरानें मुलें दगावलीं. अशा राहून गेलेल्या मुलांवरच तो रोग पहिली झडप घालतो.

हजेरीपटावर आयुष्य घालविलेल्या शिक्षकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पटावर नांव असेल, त्याच मुलाला गैरहजर म्हणतां येतें. ज्याचें नांवच पटावर नाहीं, तें मूल आलें नाहीं हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणून श्रोत्यांस विनंति एवढीच : आपल्या वाडींत नवें बिऱ्हाड आलें, कीं त्यांतील लहान मुलांचीं नांवें आशाताईंच्या कानावर घाला, मूल परगांवीं जातांना त्याचें कार्ड त्याच्याबरोबर द्या, आणि टोचल्यावर ताप येतो तो कां, हें आईला आधींच, आदरानें, समजावून सांगा. तिला अडाणी म्हणण्यापेक्षां हें काम थोडें कष्टाचें आहे; पण त्यानें मूल वांचतें.